लेफ्ट ४ डेड २: एकटा पळाला तो गेला
व्हॉल्व्ह कंपनीचा २००९चा, चौघांनी मिळून झॉम्बींशी लढायचा गेम, पण आमची चौकडी अजून यावरच जमते. खरी कमाल यातल्या ‘डिरेक्टर’ची, म्हणजे पडद्याआडून खेळ हाकणाऱ्या प्रणालीची. तुम्ही किती जखमी आहात, कसं खेळताय हे बघून तो पुढची झुंड सोडतो, त्यामुळे पाठ झालेला नकाशाही दगा देतो. शहाणपणा करून एकटा पुढे पळालात की जॉकी नावाचा खास झॉम्बी मानगुटीवर बसलाच, आणि सोडवायला सोबतीच लागतो. विच या झॉम्बी बाईचं रडणं ऐकू आलं की आधी टॉर्च बंद, नाहीतर ती चवताळते! (आमच्यातला एक हमखास तिलाच गोळी घालतो.) रिअ‍ॅलिझम नावाच्या अवघड मोडमध्ये भिंतीपलीकडचे सोबती एरवीसारखे दिसत नाहीत, तिथे माइक हवाच. ग्राफिक्स जुने वाटतात, वाटू देत. अनोळखी लोकांत मात्र नवख्याने जपून, मतदान घेऊन बाहेर काढतात.