नॉर, नॅंड की ईएमएमसी : बोर्डावर कोणती फ्लॅश, आणि कर्नलमध्ये किती काम

सर्किट अजून कागदावर असतं आणि हार्डवेअरवाला विचारतो, ‘फ्लॅश कोणती टाकू?’ फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी मेमरी, आणि नॉर, नॅंड, ईएमएमसी हे तिचे प्रकार. बहुतेक जण भाव आणि वेग बघून उत्तर देतात. मी आधी एवढंच विचारतो : खराब झालेल्या ब्लॉकचा (एकदम पुसल्या जाणाऱ्या तुकड्याचा) हिशेब कोण ठेवणार? नॉरमध्ये तो फारसा लागतच नाही. नॅंडमध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ठेवतो. ईएमएमसीत चिपच्या आतला कंट्रोलर ठेवतो आणि आपल्याला वही दाखवत नाही. कर्नलमध्ये किती घाम गाळावा लागेल, ते इथूनच ठरतं.

एसपीआय नॉर, म्हणजे एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवरची नॉर, सगळ्यात सरळ. कर्नल ३.१६पासून तिच्यासाठी वेगळी चौकट आहे आणि आजच्या बऱ्याच चिपा आपली माहिती एसएफडीपी कोष्टकातून स्वतःच सांगतात. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) नोड आणि विभागांची यादी दिली की अनेकदा काम संपतं. फक्त १६ एमबीच्या पुढे गेलात की जपा. तिथे पत्ता तीनऐवजी चार बाइटांचा होतो. कर्नलने चिप चार बाइटांवर ठेवली, रिसेटची तार चिपपर्यंत नेलेली नसली आणि बोर्ड सुरू करून देणारा बूट रॉम तीनच बाइट पाठवत राहिला, तर पहिल्यांदा छान चालू झालेला बोर्ड रीबूटला मात्र गप्प बसतो. अशा बोर्डांसाठी डिव्हाइस ट्रीत ‘ब्रोकन-फ्लॅश-रिसेट’ ही खूणच ठेवलेली आहे. ती वापरावी लागली तर समजा, तार ओढायची राहिली.

नॉरवर फाइल सिस्टिम म्हणजे जेएफएफएस२. डेव्हिड वुडहाउस यांनी लिहिलेली ही फाइल सिस्टिम २००१ साली २.४.१०मध्ये आली आणि अजून टिकून आहे. ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स प्रणाली असलेल्या लहान राउटरांत वाचण्यापुरता स्क्वॉशएफएस आणि त्यावर बदलांसाठी जेएफएफएस२, अशी जोडी असते. ८-१६ एमबीला ही जोडी मला आजही पुरेशी वाटते. लिहिणं मात्र संथ : ६४ केबीचा ब्लॉक पुसायला दीडशे मिलिसेकंद सहज जातात. नॅंडचा १२८ केबीचा ब्लॉक दोन-तीन मिलिसेकंदांत पुसला जातो.

मग सगळे नॅंडच का लावत नाहीत? कारण घोडं पेंड खातं ते तिथेच. १०२४ ब्लॉकची नवीकोरी चिप वीसपर्यंत खराब ब्लॉक घेऊन येऊ शकते, आणि डेटाशीट तसं उघड सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका चालत्या बोर्डावरची नॅंड ‘डीडी’ने (जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या कमांडने) उतरवून तीच प्रतिमा दुसऱ्या बोर्डांवर ओतली होती. दोन बोर्ड चालले, तिसरा अडला. त्याचा मधलाच एक ब्लॉक खराब होता आणि ‘डीडी’ला त्याची फिकीर नव्हती. तेव्हापासून खराब ब्लॉक वगळून लिहिणाऱ्या ‘यूबीआयफॉरमॅट’शिवाय नॅंडला हात लावत नाही.

नॅंडसाठी कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर तो लिहावा लागतो. २०१८च्या ४.१६पासून त्यासाठी ‘एक्झेक-ऑप’ ही पद्धत आहे, जुना ड्रायव्हर नकलू नका. पण खरा वेळ जातो ईसीसी, म्हणजे चुकलेले बिट दुरुस्त करणारा कोड, जुळवण्यात. बूटलोडर ५१२ बाइटांमागे ४ बिट धरून लिहितो, कर्नल ८ धरून वाचतो, आणि प्रत्येक पेजवर (ब्लॉकमधल्या लिहिण्या-वाचण्याच्या तुकड्यावर) दुरुस्त न होणाऱ्या चुका दिसू लागतात. चिप बिचारी ठणठणीत असते. ईसीसीची ताकद आणि टप्पा डिव्हाइस ट्रीत स्पष्ट लिहा आणि दोन्हीकडे तेच आकडे आहेत का, ते पाहा.

त्यावर कर्नलमधला यूबीआय हा थर (२.६.२२, २००७) आणि त्याच्यावर यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम (२.६.२७, २००८). झीज सगळ्या ब्लॉकांवर वाटणं आणि खराब ब्लॉक बाजूला काढणं, हे यूबीआय करतो. बदल्यात १२८ केबीच्या ब्लॉकमधली, सबपेज (पेजचे वेगळे लिहिता येणारे भाग) नसतील तर, दोन पेजं स्वतःच्या नोंदींना घेतो. हाती १२४ केबी उरतात. मोठ्या नॅंडवर जेएफएफएस२ नको, माउंट होताना त्याचं स्कॅनिंग संपता संपत नाही. मात्र जेएफएफएस२ची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं : यूबीआयएफएस लिहिणं मेमरीत साठवून ठेवतो. ‘एफसिंक’ (साठवलेलं लगेच फ्लॅशवर उतरवणारी हाक) न करता वीज गेली तर फाइल रिकामी मिळू शकते. आणि हे सगळं एसएलसीसाठी, म्हणजे एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या नॅंडसाठी. एका पेशीत जास्त बिट ठेवणारी एमएलसी नॅंड दिसली की यूबीआय २०१८पासून सरळ नकार देतो.

ईएमएमसीत हे काहीच करावं लागत नाही. होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर बहुधा आधीच असतो, वर ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस ही फाइल सिस्टिम. पण ही झाकली मूठ आहे. टेस्लाने २०२१च्या फेब्रुवारीत मॉडेल एस आणि एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या, त्या ८ जीबीची ईएमएमसी लिहून लिहून झिजल्यामुळे. कर्नलच्या सिसएफएसमध्ये (उपकरणांची माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) ‘लाइफ-टाइम’ नावाची नोंद मिळते, तीही दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी. लॉग सतत लिहिणारं उपकरण असेल तर ती नोंद पहिल्या दिवसापासून वाचा, आणि लॉग आधी कमी करा.

माझा कौल असा : १६ एमबीत मावत असेल तर नॉर. काही जीबी लागणार असतील तर ईएमएमसी, वाद नको. मधल्या १२८ ते ५१२ एमबीच्या पट्ट्यात, जिथे उपकरण दहा वर्षं चालायचं आहे, तिथे मी एसएलसी नॅंडच घेईन, तीही एसपीआयवाली. तारा कमी लागतात, कर्नलमध्ये ४.१९पासून आधार आहे आणि अनेक चिपांत ईसीसी आतच असतं, त्यामुळे वरचं जुळवाजुळवीचं दुखणं बरंच कमी होतं. गोम एवढीच की एसपीआय नॅंडची चिप कर्नल तिच्या ओळखक्रमांकावरून, उत्पादकवार ठेवलेल्या यादीतून ओळखतो. खरेदी विभागाने ‘तीच आहे, फक्त दुसऱ्या कंपनीची’ म्हणत स्वस्त चिप आणली आणि ती यादीत नसली, तर बोर्ड सुरूच होणार नाही. म्हणून पर्यायी चिपेच्या कागदावर सही करण्याआधी ‘ड्रायव्हर्स/एमटीडी/नॅंड/एसपीआय’ ही फोल्डर उघडून बघा, आणि तीही तुम्ही प्रत्यक्ष पाठवणार असाल त्या कर्नलची.