नागपूरच्या धंतोलीतलं एक हॉस्पिटल: टॅब नवे, वागणं जुनंच (३ स्टार)

नाव लिहित नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच दिवस होतो तिथे. ऑपरेशन झकास, त्याचेच ३ स्टार. आत गेल्या गेल्या मनगटाला बारकोडवाला पट्टा, आभाचा (सरकारी डिजिटल हेल्थ आयडी) १४ अंकी नंबर, सिस्टरच्या हातात टॅब, म्हटलं वा रे बापा! पण रात्री पाहतो तं सिस्टर आधी रजिस्टरमध्ये लिहिते अन् मग तेच टॅबवर, कारण मोठे सर स्क्रीन बघतच नाहीत, त्यांना कागदच लागतो. आता बोला.

कॉरिडॉरमध्ये डब्ल्यूएचओची २००८ची सर्जरी चेकलिस्ट फ्रेम करून लावलीय, १९ मुद्द्यांची. चीर द्यायच्या आधी सगळ्यांनी थांबून पेशंट कोण, बाजू कोणती हे मोठ्याने बोलायचं, कोणाला शंका असेल तर तेव्हाच सांगायची, असं त्यात आहे. ओटीत काय होतं देव जाणे, वॉर्डात जे पाहिलं ते सांगतो. आईला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, फाईलवर लाल पेनाने लिहिलेलं. सर राउंडला आले, अ‍ॅमॉक्सिसिलिन सांगून मोकळे, म्हणजे पेनिसिलिनच की ते! सिस्टरने फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, तोंडातून शब्द नाही. शेवटी मीच बोललो. सरांनी "अरे हो" म्हणत लगेच बदललं, रागावले पण नाहीत. नंतर सिस्टर हळूच म्हणते, "बरं झालं भाऊ तुम्ही बोलले, मी बोलली असती तं आठवडाभर टोमणे ऐकले असते."

मावशी अन् वॉर्डातले मामा एकदम प्रेमळ, पण नव्या सिस्टीमचं ट्रेनिंग त्यांना कोणी दिलंच नाही म्हणे. पार्किंगचं तं विचारूच नका.