एकच कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यांचं नेट झोपतं: एसक्यूएम लावून आठ महिने

कोपरखैरणे, वन बीएचके, लोकल केबलवाल्याचं ५० एमबीपीएसचं फायबर. घरातला डेस्कटॉप चालू झाला की बाकीच्यांचा व्हिडिओ कॉल अडकायचा, पैसे पाठवताना यूपीआयचं चक्र फिरत राहायचं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत, खुलं फर्मवेअर) टाकलेला राउटर आणि त्यातलं एसक्यूएम (नेटवरची रांग आवरणारं पॅकेज) लावून आता आठ महिने झाले. उपाय पक्का आहे, पण तो एकाच दुखण्यावर चालतो. म्हणून राउटरवर पैसे घालण्याआधी दुखणं कोणतं ते बघा.

त्याला पाच मिनिटं लागतात. दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा. एकातून राउटरला पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा (पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१), दुसऱ्यातून ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हींच्या शेवटी -टी (-t) लावा, म्हणजे पिंग थांबणार नाही. लॅपटॉप केबलने जोडा. वायफायचे हेलकावे त्यात मिसळले की काहीच कळत नाही. आता डेस्कटॉपची लॅन केबल काढा, लावा, परत काढा, आणि आकडे बघत राहा.

इथे राउटरचा पिंग १ मिलिसेकंदावरून हलला नाही, बाहेरचा मात्र ७ वरून थेट ४०० च्या पुढे. म्हणजे घरातली वायर ठीक, बाहेरची लाइन तुंबलेली. डेस्कटॉपवर फोटोंचा क्लाउड बॅकअप चालू होता. अपलोड काठोकाठ भरला की मोडेममध्ये पाकिटांची (डेटाच्या तुकड्यांची) लांब रांग लागते, आणि डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत उभ्या राहतात. त्यामुळे कोणी काही डाउनलोड करत नसतानाही सगळं मंदावल्यासारखं वाटतं. नुसता मोठा प्लॅन घेऊन हे जात नाही, रांग लावणारा तिथेच असतो.

एसक्यूएम ही रांग मोडेमकडून काढून राउटरकडे आणतं. सेटिंग असं: नेट शांत असताना केबलवरून तीन-चार वेळा स्पीड टेस्ट घ्या आणि सर्वांत कमी आकड्याच्या ९० टक्के भरा. इथे ४८ आले, म्हणून दोन्ही बाजूंना ४३०००. हा आकडा किलोबिटमध्ये असतो, एमबीपीएसमध्ये ४३ भरलंत तर नेट जवळजवळ बंदच होईल. इंटरफेस पीपीपीओई-वॅन (केबलवाल्याच्या लॉगिनने बाहेर जोडणारा), क्यूडिस्क (रांग लावायची पद्धत) केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक, ओव्हरहेड (प्रत्येक पाकिटामागचा जादा भार) ४४.

खरी गंमत पुढच्या ओळीत आहे आणि बरेच जण तीच सोडून देतात. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन येणाऱ्या बाजूला 'नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट' (nat dual-dsthost) आणि जाणाऱ्या बाजूला 'नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट' (nat dual-srchost) लिहा. 'नॅट' हा शब्द लिहायचा राहून गेला तर राउटरला घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्याची दिसतात आणि टॉरंटची चाळीस कनेक्शनं उघडणारा चाळीस वाटे घेऊन जातो. तो शब्द असला की प्रत्येक यंत्राला एक वाटा. बाकीचे गप्प असतील तर डेस्कटॉप पूर्ण ४३ वापरतो, कोणावरही कायमची मर्यादा नाही. हे फार आवडलं.

फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंग (पाकिटं जवळच्या वाटेने पाठवायची सोय) बंद ठेवा. ते चालू असलं की पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात. आता बॅकअप जोरात असतानाही बाहेरचा पिंग ९ ते १२ मध्येच राहतो.

बसवताना एक अडचण येऊ शकते. केबलवाल्याकडे बऱ्याचदा जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधलेला असतो, त्यामुळे नवीन राउटर पीपीपीओईवर, म्हणजे लॉगिनलाच, अडतो. फोन करून बदलून घ्या किंवा जुना मॅक नव्यात क्लोन करा. ओएनयू (फायबरचं मोडेम) ब्रिज मोडवर टाकायलाही त्याच फोनमध्ये सांगा, म्हणजे लॉगिन तुमचा राउटर करेल. आणि फर्मवेअरची तयार फाइल टाकून अपडेट केल्यावर एसक्यूएमचं पॅकेज परत टाकावं लागतं. सेटिंग राहतं, पॅकेज जातं. हे विसरलात तर दुखणं जसंच्या तसं परत येतं.

राउटरचाच पिंग तुटत असेल तर मात्र एसक्यूएमचा उपयोग शून्य. लॅपटॉपवर एआरपी -ए (arp -a) चालवा, त्यात प्रत्येक आयपीसमोर मॅक दिसतो, आणि राउटरच्या आयपीसमोरचा मॅक राउटरच्या स्टिकरशी ताडून बघा. नुसता शेवटचा आकडा नव्हे, पूर्णच वेगळा निघाला तर बहुधा कोणीतरी डेस्कटॉपला हाताने राउटरचाच आयपी देऊन ठेवलाय. तो ऑटोमॅटिकवर करा. हाताने आयपी दिलेलाच नसेल, तर त्या मशीनवर व्हायरस तपासा. फोनला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा आयपी मिळत असेल तर विंडोजमधलं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू राहिलंय, आणि तो कॉम्प्युटर राउटरच्या आधी आयपी वाटतोय. ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवरची खूण काढा, मग फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका: एखाद्या केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली सापडतील.