डायनॅमिक्स ३६५ मधलं रोलअप फील्ड: काही महिने वापरल्यानंतर

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा व्हॉल्व्हचा व्यापार आहे. ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी आम्ही मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये ठेवतो. मोठा ग्राहक म्हणजे एकच समूह, पण कारखाने हालोलला, सावलीला, अंकलेश्वरला. प्रत्येकाचं खरेदीखातं वेगळं, कोटेशनही वेगळं. 'या समूहाकडे आपल्या एकूण किती रकमेच्या चौकशा चालू आहेत?' असं शेठनी विचारलं की कुणीतरी एक्सेल जुळवत बसायचं. अकाउंटवर, म्हणजे ग्राहकाच्या नोंदीवर, रोलअप फील्ड (जोडलेल्या नोंदींतल्या आकड्यांची आपोआप बेरीज दाखवणारा रकाना) लावलं आणि ते जुळवणं थांबलं. शाखा असलेले ग्राहक ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे जरूर लावावं.

मांडणी सोपी आहे. करन्सी (रक्कम) प्रकारचं रोलअप फील्ड घ्यायचं, 'यूज हायरार्की' (खालच्या युनिटांचे आकडेही धरायचे) चालू करायचं, संबंधित टेबल ऑपॉर्च्युनिटी (ग्राहकाच्या चौकशीची, म्हणजे संभाव्य विक्रीची नोंद), फिल्टर फक्त ओपनचा (अजून चालू असलेल्यांचा) आणि अंदाजित रकमेची बेरीज. समजा हालोलची चौकशी १२ लाखांची आहे आणि सावलीची ७ लाखांची, तर मुख्य कंपनीच्या पानावर १९ लाख दिसतात, हालोलच्या पानावर हालोलचेच १२.

खरी मेहनत ग्राहकांच्या यादीवर घ्यावी लागते. एखाद्या युनिटचं पॅरेंट अकाउंट (वरची मुख्य कंपनी कोणती तो रकाना) रिकामं राहिलं की बेरीज गुपचूप कमी येते, कुठे लाल खूणही उमटत नाही. आमच्या बिलिंगच्या ताईंनी यावर छान उपाय काढला. जीएसटी क्रमांकातली पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दहा पॅनची. पॅन सारखा दिसला की युनिटं एकाच कंपनीची! अशी सगळी यादी त्यांनी लावून घेतली. समूहातल्या ज्या कंपन्यांचा पॅनच वेगळा, त्यांच्यासाठी मात्र सेल्सच्या मुलांना विचारावं लागलं.

आकडा लगेच बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. नवीन फील्डची पहिली मोठी आकडेमोड १२ तासांनी होते, पुढे बदललेल्या नोंदींची तासातासाला. बैठकीला निघण्याआधी फील्डशेजारचं रिफ्रेश दाबलं की त्या एका ग्राहकाचा आकडा ताजा होतो. आकडा बदलला म्हणून वर्कफ्लो (आपोआप होणारी पुढची कामं) मात्र सुरू होत नाही, त्यामुळे 'समूह ५० लाखांवर गेला की मेल जावा' असलं काही यावर बांधू नका.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. बेरीज सिस्टीमच्या अधिकारात होते, बघणाऱ्याच्या नाही. हालोल सांभाळणाऱ्या मुलाला अंकलेश्वरची ऑपॉर्च्युनिटी उघडता येत नसली, तरी मुख्य कंपनीचं पान उघडता येत असेल तर तिथला पूर्ण आकडा त्याला दिसतो. ते चालणार नसेल तर कॉलम सिक्युरिटी (ठरावीक लोकांनाच तो रकाना दिसू देणारी सोय) लावूनच फील्ड फॉर्मवर आणा.