अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल : ग्रंथी एक, तऱ्हा दोन

मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी दोन्ही संप्रेरकं बनवते. अ‍ॅड्रिनलिन गाभ्यात, कॉर्टिसॉल बाहेरच्या थरात. दोन्ही ताणाच्या वेळी वाढतात, म्हणून त्यांना एकाच माळेचे मणी समजतात. तसं अजिबात नाही.

अ‍ॅड्रिनलिन पाण्यात विरघळतं, पण पेशीचं स्निग्ध आवरण त्याला ओलांडता येत नाही. ते बाहेरूनच रिसेप्टरला (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात. खरी गंमत रिसेप्टरच्या प्रकारांमध्ये आहे: अल्फा-१ हा प्रकार त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो, तर बीटा-२ श्वासनलिका सैल करतो. एकच रेणू आणि दोन उलट कामं, हे मला फार विलक्षण वाटतं. दम्यात तातडीने घ्यायचा सालब्युटामॉलचा पंप याच बीटा-२ वर चालतो.

कॉर्टिसॉल कोलेस्टेरॉल या स्निग्ध पदार्थापासून बनतं, त्यामुळे ते स्निग्ध आवरणातून सरळ पेशीच्या आत शिरतं. तिथे रिसेप्टरशी जोडी जमवून केंद्रकात जातं आणि जनुकांचं काम बदलतं. याला बराच वेळ लागतो, पण परिणाम टिकतो. कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की ग्रंथीचं स्वतःचं उत्पादन मंदावतं. म्हणून त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका.