हुकूमशहाच्या शेवटच्या चार दिवसांची सहल: जा, पण ड्रॅक्युला वगळायला सांगा

बुखारेस्टमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने ही सहल मला वाढदिवसाची भेट म्हणून दिली. भेटीची किंमत विचारू नये, तरी विचारली. दोघांचे ९०० लेई (रोमानियाचं चलन). खासगी गाडी, इंग्रजी बोलणारा गाइड, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, जेवण आपलं आपण. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि गाइडच्या पोटावर पाय आणायची माझी इच्छा नाही.

सहलीची कल्पना सोपी आहे. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू २१ डिसेंबर १९८९ ला भाषणासाठी बाल्कनीत उभा होता आणि २५ तारखेला भिंतीपाशी, गोळ्या झेलायला. मधल्या चार दिवसांचा रस्ता तुम्हाला गाडीतून दाखवतात. मला तेव्हाचा पेपरातला फोटो आठवत होता, जमिनीवर आडवा पडलेला ओव्हरकोटातला म्हातारा. भाचा १९९४ चा. त्याला वाटत होतं आपण ड्रॅक्युला बघायला चाललोय. तो अंदाज पूर्ण चुकला नाही, ते पुढे येईलच.

सुरुवात बुखारेस्टच्या क्रांती चौकातून. पक्षाच्या मध्यवर्ती समितीची ती इमारत आता गृहमंत्रालय आहे, त्यामुळे आत सोडत नाहीत, रस्त्यावरूनच बघायचं. मला धक्का बसला तो बाल्कनीच्या उंचीचा. फारच खाली आहे हो! चोवीस वर्षं देश मुठीत ठेवणारा माणूस इतक्या जवळ उभा राहायचा? खालच्या गर्दीत गडबड सुरू झाल्यावर त्याने “हॅलो, हॅलो” करत माइक तपासला. लोकांनी गप्प बसावं म्हणून किमान पगार २,००० वरून २,२०० लेई केल्याचं तिथूनच जाहीर केलं. हे सगळं टीव्हीवर थेट चालू होतं. गाइडचं म्हणणं, त्या काही सेकंदांत त्याचा गोंधळलेला चेहरा घराघरात दिसला आणि मामला तिथेच संपला. गाइड तेव्हा पॉलिटेक्निकमध्ये शिकत होते. चौकातल्या स्मारकाला इथले लोक “खांबावरचा बटाटा” म्हणतात. बघितल्यावर दुसरं काही सुचणारही नाही.

आता पहिली तक्रार. गाडीचा हीटर बंद होता. नोव्हेंबर, बाहेर तीन अंश. मी कुरकुर केली तर गाइड गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ऐंशीच्या दशकाचा अनुभव आहे असं समजा, जादा आकार नाही. मग बोलते झाले. परदेशी कर्ज फेडायचं म्हणून चाउशेस्कूने खाण्यापिण्याच्या वस्तू निर्यातीला लावल्या, घरातलं हीटिंग आणि वीज तोडली, टीव्ही दिवसाला दोन तासांवर आणला. १९८९ मध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली. घरं तरी गारच राहिली. गाइडची आई हातमोजे घालून स्वयंपाक करायची. टाइपरायटर असेल तर पोलिसांत नोंदवावा लागे, अक्षरांच्या नमुन्यासकट. मी आयुष्यभर टायपिंग करून पोट भरलं, त्यामुळे ही गोष्ट मला थंडीपेक्षा जास्त लागली.

जिथल्या लष्करी छावणीत त्याला गोळ्या घातल्या, ते तर्गोविश्ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत पळापळीची हकिकत ऐकवतात आणि ती त्यांनी झकास सांगितली. २२ तारखेला दुपारी गच्चीवरून हेलिकॉप्टर उडालं, स्नागोवला उतरलं, परत उडालं. विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात आलोय असं सांगून वैमानिकाने ते तितू गावाजवळ रस्त्याकडेला उतरवलं. मग राष्ट्राध्यक्ष आणि त्याची बायको एलेनाबाई लिफ्ट मागत फिरले. पहिल्या गाडीतल्या डॉक्टरने इंजिन बिघडल्याचं नाटक केलं. दुसरी गाडी सायकल दुरुस्त करणाऱ्याची. भाच्याने इथे पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

तर्गोविश्तेची ती लष्करी छावणी २०१३ पासून लोकांना खुली आहे, रेल्वे स्टेशनाजवळ. लहान, साधी, कुठेही भपका नाही. लोखंडी खाटा, घोंगड्या, आणि ज्या खोलीत तासाभरात खटला उरकला तिथली टेबलं. शाळेचा वर्ग वाटावा अशी खोली. आरोपात ६०,००० बळींचा आकडा होता. प्रत्यक्षात क्रांतीतले मृत अकराशेच्या घरात निघाले. हा फरक गाइडनी टेबलापाशी उभं राहून सांगितला, आवाज न चढवता. अंगणात भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत आणि जमिनीवर दोन देहांच्या आकृत्या आखल्या आहेत. मला त्यांच्याभोवतीने जावंसं वाटलं. का, ते सांगता येत नाही; त्या दोघांबद्दल मला काडीची दया नाही. रोमानियाने जानेवारी १९९० मध्ये मृत्युदंडच रद्द केला, म्हणजे या भिंतीनंतर दोन आठवड्यांच्या आत. छावणीला माझे पाचपैकी पाच.

त्यानंतर मात्र कंपनीची अक्कल दिसते. चिंदिया मनोऱ्यावर पाऊण तास! व्लाद त्सेपेशचा, म्हणजे ड्रॅक्युलाच्या नावाशी जोडलेल्या सरदाराचा दरबार इथे होता, मनोरा खरोखर जुना आणि देखणा आहे. पण नुकतीच ती भिंत बघून आल्यावर वटवाघळांच्या मगांच्या दुकानात वीस मिनिटं? गाइड गाडीतच बसून राहिले. त्यांनाही हा थांबा आवडत नसावा. भाच्याने एक मग विकत घेतला.

परतीला गेन्चा दफनभूमी, चाउशेस्कू नवरा-बायकोची लालसर दगडाची कबर. आधी दोघं वेगवेगळी पुरलेली होती, आणि आत नक्की तेच आहेत का या शंकेपोटी २०१० मध्ये अवशेष उकरून तपासले. कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. कोण ठेवतं, असं मी विचारलं. गाइडनी खांदे उडवले आणि म्हणाले, माझ्या सासूबाई ठेवतील, त्यांना तेव्हा फ्लॅट मिळाला होता.

छापील कार्यक्रम इथे संपतो. माझी खरी तक्रार हीच आहे. हुकूमशहा मेला, चला घरी! गाइडनी मात्र स्वतःहून, जादा पैसे न घेता, अंधार पडल्यावर आम्हाला विद्यापीठ चौकात नेलं. तिथे रस्त्याच्या मधोमध दगडी क्रूस आहेत. २१ च्या रात्री गाइड इथेच होते. पण त्यांनी सांगितलं ते पुढचं. हेलिकॉप्टर उडण्याआधी १६२ माणसं मेली, बाकीची, म्हणजे नऊशेहून जास्त, त्यानंतर. कोणी कोणावर का गोळ्या झाडल्या याचा निकाल लागलेला नाही. सत्तेवर आलेले इयॉन इलिएस्कू पक्षाचेच जुने नेते. मे १९९० मध्ये पंच्याऐंशी टक्के मतांनी निवडून आले. याच चौकात विद्यार्थी “नवकम्युनिझममुक्त प्रदेश” जाहीर करून बसले होते. जूनमध्ये झिऊ खोऱ्यातले खाणकामगार दांडकी घेऊन त्यांच्यावर चालून आले आणि इलिएस्कूंनी त्यांचे आभार मानले. गाइडना कशाने मारलं ते त्यांनी हाताने लांबी दाखवून सांगितलं. १९८९ च्या क्रांतीतल्या मृत्यूंबद्दल इलिएस्कूंवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा आरोप ठेवला गेला २०१८ मध्ये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पंच्याण्णव्या वर्षी ते गेले, शिक्षा न होताच.

गाइडना दहा, कंपनीला तीन. आगाऊ कळवून मनोरा वगळायला सांगा आणि तो वेळ चौकासाठी मागून घ्या. आणि लोकरीचे मोजे न्या.