पंखा कुणाचा जास्त फिरतो? बॅटरीवर चालताना एज, क्रोम आणि फायरफॉक्स

मॅक वापरत असाल आणि त्यातल्या सफारी ब्राउझरशी तुमचं काही वाकडं नसेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. बॅटरीच्या बाबतीत सफारी तिथे घरचीच आहे, दुसरं शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. खरा पेच पडतो तो विंडोजवाल्यांना, त्यातही ज्यांचा लॅपटॉप जुना होत चालला आहे त्यांना. मी त्यांच्यातलाच. बरेच महिने तिन्ही ब्राउझर आलटून पालटून वापरले आणि मग एकावर स्थिरावलो.

ब्राउझर बदलला म्हणून बॅटरी दुप्पट टिकेल, अशी आशा मात्र ठेवू नका. पडद्याचा उजेड दोन पायऱ्या खाली आणला तर बहुधा त्याहून जास्त फरक पडेल. आणि मोजमापाचे आकडे दाखवणारे लेख वाचताना थोडा संशय ठेवूनच वाचा. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने सारखे लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून व्हिडिओ चालवत ठेवले. एज ७ तास २२ मिनिटं टिकलं, क्रोमने ४ तास १९ मिनिटांत मान टाकली. काही दिवसांत ऑपेराने आपली वेगळी चाचणी केली आणि तिच्यात ऑपेरा पहिलं आलं! ज्याची चाचणी त्याची सरशी. शिवाय तेव्हाचं एज वेगळ्या इंजिनावर चालायचं. जानेवारी २०२० पासून तेही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या इंजिनावरच आहे, त्यामुळे त्या आकड्यांचा आज काही उपयोग नाही.

इंजिन एकच म्हटल्यावर एज आणि क्रोम यांच्यात निवड करायची ती वरच्या सजावटीवरूनच. मागे पडलेला, आवाज न करणारा टॅब पाच मिनिटांनी जवळजवळ गप्प करायचा, त्याच्या टायमरना मिनिटातून एकदाच जागं होऊ द्यायचं, ही व्यवस्था क्रोमियममध्ये २०२१ पासून आहे. एज त्यापुढे जाऊन टॅब झोपवतं, आणि किती वेळाने झोपवायचा ते तुम्ही ठरवता. क्रोमचा एनर्जी सेव्हर बॅटरी २० टक्क्यांवर आली की जागा होतो. मला तो नेहमीच फार उशिरा आल्यासारखा वाटला. चार्जर काढताक्षणी चालू व्हावा असंही सेटिंग आहे, ते करून ठेवा. या दोघांतच निवडायचं असेल तर बॅटरीपुरतं मी एजकडे झुकेन. फक्त पहिल्या दिवशी अर्धा तास काढून नव्या टॅबवरच्या बातम्या आणि खरेदीचे सल्ले बंद करावे लागतात. खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी दोघांतही काढून टाका.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लावला, तिच्याकडे येतो.

मी रात्री तास-दीड तासाची व्याख्यानं ऐकतो. लॅपटॉप मांडीवर, चार्जर दुसऱ्या खोलीत. काही महिन्यांपूर्वी असं होऊ लागलं की दहा मिनिटांत पंखा सुसाट सुटायचा, वक्त्याचा आवाज त्याखाली बुडायचा, आणि व्याख्यान अर्ध्यावर येईस्तोवर बॅटरीचा लाल आकडा. पंख्याची धूळ साफ केली, चालक प्रणाली नव्याने टाकली, बॅटरी म्हातारी झाली म्हणून तिलाही बोल लावला. गंमत म्हणजे रोज असं होत नव्हतं. काही व्हिडिओंना लॅपटॉप थंडगार, काहींना तवा.

कारण निघालं कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून पाठवायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत. व्हिडिओच्या साइट हल्ली पुष्कळ व्हिडिओ एव्ही१ नावाच्या नव्या कोडेकमध्ये पाठवतात. माझी चिप इंटेलच्या आठव्या पिढीची. एच.२६४ आणि व्हीपी९ हे जुने कोडेक उलगडायला तिच्यात वेगळी सोय आहे, पण एव्ही१ला नाही. इंटेलमध्ये ती अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० साली आली. साइट विचारते, ‘एव्ही१ चालेल का?’ ब्राउझर ऐटीत म्हणतो, ‘चालेल की!’ आणि मग ते सगळं ओझं पडतं प्रोसेसरवर. चित्र सुरेख दिसतं, अडखळत नाही, म्हणून संशयही येत नाही. सफारी इथे शहाणपणा करते: चिपमध्ये सोय असेल तरच ती एव्ही१ला हो म्हणते. (मॅकमध्ये ती सोय एम३पासून आली.)

तुमच्याकडे हेच होतंय का, ते पाहणं सोपं आहे. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्ही०१ असेल, आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख जमिनीला चिकटून असेल, म्हणजे उलगडायचं काम त्या वेगळ्या सोयीकडे जातच नसेल, तर चोर सापडला.

फायरफॉक्समध्ये यावर इलाज एका मिनिटाचा आहे. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग (about:config) लिहायचं, ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ (media.av1.enabled) शोधायचं, फॉल्स करायचं. बस्स. साइट निमूट व्हीपी९वर येते आणि पंखा झोपतो. क्रोम-एजच्या सेटिंगमध्ये अशी कळ मला मिळाली नाही, त्यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. अशी एक्स्टेन्शन आहेत, चालतातही. पण साइटच्या प्रत्येक पानात डोकावायची परवानगी तिसऱ्या कुणाला तरी द्यायची, तीही एक कळ दाबण्यापुरती, हे माझ्या गळी उतरेना. हा माझा हट्ट असेल, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही कदाचित.

फायरफॉक्सचं दुसरं बळ म्हणजे जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन अजून पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्यापासून तिथे त्याच्या लाइट आवृत्तीवर भागवावं लागतं. बातम्यांच्या पानावर कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ मुळात उतरलाच नाही, तर त्याची बॅटरी वाचवायचा प्रश्नच उरत नाही. टॅब झोपवण्यापेक्षा हा उपाय मला जास्त पटतो.

फायरफॉक्समध्ये उणं नाही असं नाही. क्रोम-एजसारखं बॅटरी वाचवायचं एक ठळक बटण तिथे नाही, आपल्यालाच थोडी मशागत करावी लागते. मॅकवर तर एके काळी ते बॅटरी पिण्याबद्दल बदनामच होतं: पानातला एखादा कर्सर लुकलुकला तरी सगळी खिडकी नव्याने रंगवली जायची. २०१९ साली ७०व्या आवृत्तीत ते सुधारलं, पण नाव एकदा खराब झालं की पुसायला वेळ लागतो. मात्र कोणता टॅब प्रोसेसर खातोय ते अबाउट:प्रोसेसेसच्या पानावर नावानिशी दिसतं, आणि तिथल्या तिथे त्याला बंदही करता येतं. क्रोममध्ये हेच शिफ्ट आणि एस्केप दाबून मिळतं.

तुमची चिप नवी असेल तर माझं अर्धंअधिक गाऱ्हाणं तुमच्यासाठी गैरलागू आहे. मग एज घ्या, टॅब लवकर झोपतील असं करून ठेवा आणि विसरून जा. पण लॅपटॉप २०२०च्या आधीचा असेल आणि संध्याकाळ व्हिडिओ बघण्यात जात असेल, तर मी म्हणेन, आठवडाभर फायरफॉक्स वापरून बघा, ती एक कळ दाबून.

व्हिडिओ कॉलसाठी मात्र मी अजूनही क्रोमच उघडतो. कॅमेऱ्याचं चित्र सतत आवळून पाठवत राहायचं म्हटल्यावर पंखा तिन्हींतही सुटतो, म्हणून तेवढ्यापुरता उठून चार्जर आणतो.